चार मिलिमीटरची नाव

चार मिलिमीटर जाडीचं, आठ बाय चारचं प्लायवूडचं शीट दोघांनी दोन टोकांना धरून उचललं की ते मधोमध पोट काढतं, थरथरतं, वारा आला तर हातातून सुटू पाहतं. असल्या लेच्यापेच्या फळीवर भरवसा ठेवून माणूस तलावात उतरतो आणि तासन् तास वल्हवून कोरड्या कपड्यांनी परत येतो, हे सहज पटत नाही. पटवून घ्यायचं असेल तर एक जुनं पोस्टकार्ड घ्या. एका टोकाला धरा आणि दुसऱ्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवा. कार्ड वाकेल, नाणं घसरेल. आता त्याच कार्डाला बोटांनी लांबीच्या दिशेने थोडा पन्हाळीचा बाक द्या आणि पुन्हा नाणं ठेवा. कार्ड हलणार नाही. कागद तोच, जाडी तीच. ताकद आली ती बाकामुळे. घरच्या अंगणात बांधता येणाऱ्या लाकडी कयाकचं, म्हणजे वरून झाकलेल्या निमुळत्या छोट्या नावेचं, निम्मं शास्त्र या बाकात आहे.

हे प्रकरण कळमेश्वर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. नागपूरच्या पश्चिमेला, इटारसीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचं हे तालुक्याचं शहर. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला संत्र्याच्या बागा, आणि थोड्या अंतरावर चंद्रभागेकाठचं धापेवाडा. इथून मुंबईचा समुद्र सातशे किलोमीटरच्या घरात. त्यामुळे नाव बांधणं म्हणजे कोकणातल्यांचं काम, असं आमच्या भागात सरळ गृहीत धरलं जातं. पण नाव बांधायला समुद्र लागत नाही. लागतं ते लाकूड, लाकूड जाणणारा हात आणि उतरायला पाणी. नागपूरच्या लकडगंजात लाकडाचा बाजार आहे, सुतार गावोगाव आहेत, वेणा जलाशय जवळच आहे, आणि जिल्ह्यात रामटेकजवळ खिंडसी व पेंचवर नवेगाव खैरी आहे. नागपूरच्या अंबाझरी तलावावर एनसीसीच्या नौदल शाखेचे छात्र वल्ही आणि शिडं हाताळायला शिकतात. पाण्याची उणीव विदर्भाला समुद्राच्या बाबतीत आहे, तलावांच्या बाबतीत नाही.

नावेचीही परंपरा इथे आहेच. वैनगंगेच्या काठी आणि भंडारा-गोंदियाच्या तलावांवर ढीवर समाजाने पिढ्यानपिढ्या डोंगे वापरले. जाडजूड खोड निवडायचं, वाकसाने आतून कोरत जायचं, बाहेरून नाळ निमुळती करायची. एकसंध लाकूड, कुठे सांधा नाही, त्यामुळे गळतीचा प्रश्न कमी. मात्र डोंग्याची रुंदी खोडाच्या घेराबाहेर जाऊ शकत नाही, वजन एकट्यादुकट्याला उचलता येत नाही, आणि तेवढ्या घेराची झाडं आता तोडायची म्हटली तरी मिळणार नाहीत. डोंगा कोरणाऱ्याला आकाराची जाण पुरेपूर असते. अडचण सगळी सामानाची आहे. झाड न तोडता, थोड्या लाकडात तसाच निमुळता आकार कसा मिळवायचा, हा प्रश्न ज्यांना सोडवावाच लागला त्यांच्याकडे झाडंच नव्हती.

ग्रीनलंडपासून अलास्कापर्यंतच्या इन्युइट आणि अल्यूट लोकांनी कयाक घडवली. त्यांच्या किनाऱ्यावर लाकूड यायचं ते समुद्रातून वाहत. अशा ओंडक्यांच्या बारीक पट्ट्या काढून ते सांगाडा बांधत आणि त्यावर सीलचं कातडं ताणून शिवत. नकाशा नाही, फूटपट्टी नाही; माप घेतलं जायचं वल्हवणाऱ्याच्या अंगाचं. लांबी साधारण तीन वाव. रुंदी कमरेइतकी आणि वर दोन मुठी. बसायच्या जागेची खोली मूठ आणि ताठ अंगठा. ज्याची नाव त्याचं माप, त्यामुळे ती अंगरख्यासारखी बसायची. आपल्याकडच्या जुन्या सुतारांनाही हात, वीत आणि वाव ही मापं परकी नाहीत. म्हणून कुठलाही आराखडा हाती घेण्याआधी भिंतीला पाठ लावून, हात पसरून स्वतःचा वाव मोजून घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन. उंच, आडव्या बांध्याच्या माणसाने किरकोळ माणसासाठीचा आराखडा वापरला तर नाव पाण्यात जास्त बसते आणि गुडघे डेकला घासतात.

युरोपात कयाक हौसेची गोष्ट बनली ती एकोणिसाव्या शतकात. जॉन मॅकग्रेगर या स्कॉटिश वकिलाने १८६५ मध्ये ओक लाकडाची, सीडरच्या डेकची, पंधरा फुटांची ‘रॉब रॉय’ बांधून घेतली, ती घेऊन युरोपातल्या नद्या पालथ्या घातल्या आणि त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे १९०७ मध्ये जर्मनीतल्या रोझेनहाइमच्या योहान क्लेपर या शिंप्याने घडीच्या कयाकचे हक्क विकत घेऊन तिचं उत्पादन सुरू केलं: लाकडी सांगाडा, वर रबर दिलेलं कापड, सगळं सुटं करून पिशवीत. घडीच्याच कयाकमधून ऑस्कर स्पेक १९३२ मध्ये उल्महून डॅन्यूबमध्ये उतरला आणि सात वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या उंबरठ्यावर पोचला. वाटेत त्याने भारताचा पश्चिम किनाराही वल्हवत पार केला. काठ्या आणि कापड यांच्या जोरावर हे झालं, हे लक्षात ठेवलं तर चार मिलिमीटरच्या प्लायवूडबद्दलची धाकधूक बरीच कमी होते.

शिंप्याचा उल्लेख आला तो योग्यच, कारण पुढची सगळी गोष्ट शिवणाची आहे. हिंदी महासागरात खिळ्यांआधी शिवण होती. फळ्यांना काठाने भोकं पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवायच्या, सांध्यात नैसर्गिक राळ भरायची, अशी जहाजं हजार-दीड हजार वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावरून निघत. असंच एक जहाज अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या चित्रकाराने रंगवून ठेवलं आहे. त्या चित्रावरून गोव्याच्या दिवाडी बेटावर एक खरं जहाज बांधलं गेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये कण्याची फळी बसवली, रत्नाकर दांडेकरांच्या होडी इनोव्हेशन्सने बांधणी केली, केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली शिवण झाली, आणि २१ मे २०२५ रोजी कारवार इथे ‘आयएनएसव्ही कौण्डिन्य’ या नावाने ते नौदलात दाखल झालं. चित्र महाराष्ट्रातल्या डोंगरात, समुद्रापासून कितीतरी आत. ज्याने ते काढलं त्याने फळ्या, शिडं आणि सुकाणू बारकाईने पाहिलं असावं, असं मला वाटतं.

याच शिवणीची धाकटी बहीण इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर नव्याने जन्मली. केन लिटलडाइक या शिक्षकाने प्लायवूडच्या कापलेल्या तुकड्यांना काठाने भोकं पाडून ते तारेने एकत्र बांधले आणि आतून सांध्यावर राळेत भिजवलेली काचतंतूंची पट्टी बसवली. राळ वाळली की तार कापून टाकायची. खालचा साचा नको, जड वासे नकोत, जहाजबांधणीची उमेदवारी नको. साठच्या दशकाच्या सुरुवातीला ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राने जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांच्याकडून याच पद्धतीची छोटी शिडाची नाव आखून घेतली. ‘मिरर’ नावाच्या त्या नावा पुढे सत्तर हजारांहून जास्त बांधल्या गेल्या, आणि त्यातल्या कितीतरी लोकांच्या घरांत, गॅरेजांत तयार झाल्या. जाणकारांनी आखलेल्या पण सामान्यांनी बांधलेल्या नावांचा इतका मोठा ताफा दुसरा सहसा सापडणार नाही.

घरी कयाक बांधायच्या तीन वाटा आहेत. पहिली इन्युइटांची, सांगाडा आणि कापड. विदर्भात या वाटेला मानवेल बांबूसारखं उत्तम सामान आहे. हा बांबू जवळजवळ भरीव असतो, त्याच्या कामट्या लवचीक निघतात, आणि जंगलाबाहेर लावलेला बांबू तोडण्या-नेण्यावरचं कायद्याचं बंधन २०१७ च्या दुरुस्तीने सैल झालं आहे. बुरडकाम करणाऱ्या हातांना अशी नाव अवघड जाऊ नये. फक्त बांबूला भुंगा लागू नये म्हणून बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडच्या द्रावणात तो आधी मुरवून घ्यावा लागतो. दुसरी वाट बारीक लाकडी पट्ट्या साच्यावर एकीला एक चिकटवत जाण्याची. पट्ट्या साधारण सहा मिलिमीटर जाड आणि वीस रुंद, आणि वर दोन्ही बाजूंनी काचतंतूंचं कापड. लाकडाचा गाभा आणि काचतंतूंची कातडी हे तत्त्व मोठ्या नावांतही चालतं. कमांडर दिलीप दोंदे ज्या ‘म्हादेई’मधून २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, ती छप्पन्न फुटी नावही लाकडी गाभ्याचीच, दांडेकरांनीच गोव्यात बांधलेली. पट्ट्यांची कयाक सर्वांत देखणी, पण वेळखाऊ. तिसरी वाट शिवलेल्या प्लायवूडची. पहिली नाव बांधणाऱ्याने तिसरीच धरावी, असं माझं स्पष्ट मत आहे. चुका झाल्या तर त्या कागदावर आणि शिटावर आखतानाच दिसतात, पाण्यात गेल्यावर नव्हे.

लाकडाचा विषय निघाला की विदर्भातला माणूस सागवानावर येतो, आणि ते साहजिक आहे. सीपी टीक म्हणून आलापल्ली-बल्लारशाचं सागवान देशभर ओळखलं जातं. नव्या संसद भवनाला नागपूरचं सागवान लागलं आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही चंद्रपूर जिल्ह्यातूनच लाकूड गेलं. तरीही कयाकच्या अंगासाठी सागवान घेऊ नका. ते जड पडतं, आणि ज्या तेलामुळे त्याला वाळवी लागत नाही त्याच तेलामुळे इपॉक्सी नीट धरत नाही. काठपट्टी, बसायच्या तोंडाची कड, नाळेचा टोकाचा ठोकळा एवढ्यापुरतं ते वापरा, आणि चिकटवण्याच्या अगदी आधी तो भाग थिनरने पुसून घ्या. पट्ट्या काढायच्याच असतील तर आरा मशीनवर शिवण या झाडाचं लाकूड मागा. शिवण हलकी असते, वाळल्यावर फारशी फिरत नाही आणि रंध्याखाली गुण्यागोविंदाने निघते.

प्लायवूडला मात्र तडजोड नाही. शिटावर आयएस ७१० हा शिक्का हवा. आयएस ३०३ चं साधं प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, नावेला नाही. ७१० मध्ये थर फिनॉलच्या राळेने जोडलेले असतात आणि मानकानुसार नमुना ७२ तास उकळून पाहतात. दुकानदाराच्या शब्दावर न जाता कापलेला एक तुकडा घरी चुलीवर दिवसभर उकळा, मग पटाशीने थर सुटतात का पाहा. कडेला आतल्या थरात पोकळी दिसली तर ते शीट परत करा, कारण बाक देताना नाव तिथेच मोडते. आपल्याकडचं मरीन प्लाय बहुधा गर्जनसारख्या वजनदार लाकडाचं असतं. पाश्चात्त्य आराखड्यांत गृहीत धरलेलं ओकुमे लाकूड त्याहून बरंच हलकं. म्हणून परदेशी आराखड्यात वीस किलो लिहिलेली कयाक इथे पंचवीस ते तीसपर्यंत जाते. उचलताना ते जाणवतं, पाण्यात फारसं नाही.

शीट २४४० मिलिमीटर लांब, आणि नाव हवी त्याच्या दुप्पट. म्हणून दोन शिटं टोकाला टोक जोडावी लागतात. टोकं उतरती तासून एकमेकांवर चिकटवायची, उतार जाडीच्या आठपट. चार मिलिमीटरला बत्तीस. जोडायची टोकं पायऱ्यांसारखी एकावर एक रचून एकदम रंधा मारला तर थरांच्या रेषा पट्ट्यांसारख्या दिसू लागतात. त्या सरळ आल्या की उतार सरळ झाला. जोडलेली लांबी ४८४८ मिलिमीटर भरते, म्हणजे सोळा फुटांना जरा कमी. या एका लांब फळीतून दोन तळाचे आणि दोन बाजूंचे तुकडे निघतात. डेकला वेगळी शिटं. त्याआधी एक काम: ज्या ओसरीत किंवा खोलीत नाव बांधणार, तिथून सोळा फुटी वस्तू वळून बाहेर निघते का, हे पट्टी धरून मोजून घ्या.

तुकड्यांच्या कडा कापल्यावर वक्र दिसतात, तुकडे मात्र सपाट असतात. खरी गंमत आता आहे. काठापासून एक सेंटीमीटर आत, दर दहा सेंटीमीटरवर दोन मिलिमीटरची भोकं पाडायची. तळाचे दोन तुकडे एकावर एक ठेवून मधल्या कडेला तांब्याच्या तारेचे टाके घालायचे, ते उघडायचे, मग बाजूचे तुकडे लावायचे. सगळे मिळून दीडशेच्या आसपास टाके होतात. पकडीने तार पिळत गेलं की दोन वेगळ्या वक्रांच्या कडा एकमेकींना भेटण्यासाठी शीटला वाकवतात, आणि सकाळी जमिनीवर सपाट पडलेलं लाकूड संध्याकाळी नावेच्या आकारात उभं असतं. प्लायवूड एकाच दिशेने वाकू शकतं, चेंडूसारखं दोन्हीकडे नाही. त्यामुळे आराखडा करणाऱ्याने कडेचा वक्र असा काढलेला असतो की शीट स्वतःच दुसरीकडे जाऊ शकत नाही. बाक आला, ताकद आली.

इथे घाई करू नका. नाव पिळलेली नाही ना, हे आता पाहायचं, नंतर नाही. नाळेपासून शेवटापर्यंत मधोमध सूत ताणा, टोकांना ओळंबा सोडा, दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका टोकाकडून डोळा लावा. पट्ट्या समांतर दिसेपर्यंत काही टाके सैल, काही घट्ट करा. राळ पडल्यावर राहिलेला पीळ कायमचा, आणि अशी नाव जन्मभर एका बाजूला ओढत राहते.

मग इपॉक्सी. राळ आणि कडकारक यांचं प्रमाण डब्यावर दिलेलं असतं, ते अंदाजाने नव्हे, मापाने पाळायचं. सांध्याच्या आतल्या कोनात भरण्यासाठी त्यात पॉलिशपेपरने घासून निघालेला बारीक भुसा मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट करायचं आणि गोल टोकाच्या पट्टीने ओढून गोलाई द्यायची. त्यावर काचतंतूंची पट्टी. वाळल्यावर तारा काढायच्या, नाव पालथी करायची, कडा गोलवायच्या आणि बाहेरून चौरस मीटरला दोनशे ग्रॅमचं कापड अंथरून त्यात राळ जिरवायची. पांढरं कापड राळ पिताच पारदर्शक होतं आणि खालच्या लाकडाच्या रेषा ओल्या रंगात वर येतात. मला या कामातला सर्वांत आवडता क्षण हाच.

विदर्भात इपॉक्सीचं गणित ऋतूवर चालतं. दर दहा अंश तापमान वाढलं की राळ हाताळण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. पंचवीस अंशांना पंचवीस मिनिटं मिळत असतील, तर मे महिन्यात पंचेचाळीसला जेमतेम सहा मिनिटं मिळतात. डब्यात जास्त राळ असली तर ती स्वतःच्याच उष्णतेने तापून धूर सोडते. पावसाळ्यात दमटपणामुळे वाळत्या राळेवर मेणचट थर चढतो, तो पाण्याने घासून काढला नाही तर पुढचा हात धरत नाही. म्हणून दिवाळी ते होळी हा नाव बांधायचा काळ. त्यातही दुपारी, थंडीच्या रात्री नाही. राळ पसरट ताटलीत आणि थोडी थोडी कालवा. हातमोजे प्रत्येक वेळी घाला. कातडीला इपॉक्सीची एकदा अॅलर्जी झाली की ती सहसा जात नाही. घासताना मास्क लावा. आणि शेवटी उन्हापासून वाचवणारं व्हार्निश द्या, कारण पाणी जे करू शकत नाही ते आमचं ऊन करतं. उघडं इपॉक्सी त्याखाली पिवळं पडून भुरभुरतं.

दोन पात्यांचं वल्हं शिवणीच्याच एका फळीतून तासता येतं. ग्रीनलंडच्या पद्धतीचं अरुंद पात्याचं वल्हं एक वाव आणि एक हात लांब करतात. नवख्याच्या खांद्याला ते रुंद पात्यापेक्षा सोसतं.

किती पाण्यात बसेल? तुम्ही पंचाहत्तर किलो, नाव अठ्ठावीस, सामान सात, एकूण एकशेदहा. आर्किमिडीजच्या नियमाने तिने एकशेदहा लिटर पाणी बाजूला सारायला हवं. अठ्ठावन्न सेंटीमीटर रुंदीची ही नाव त्यासाठी साधारण अर्धी वीत बुडते, आणि पुढे दर पंधरा किलोला एक सेंटीमीटर. ताशी पाच-सहा किलोमीटर वेग आरामात मिळतो. साडेनऊच्या पुढे नावेची लांबीच आड येते, कितीही जोर लावला तरी.

जुलै २०१७ मध्ये वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं बुडाली. त्या पाण्यावर नाव नेणाऱ्या कोणीही ते विसरू नये. एका माणसाच्या कयाकमध्ये एकच माणूस बसतो. जीवरक्षक जॅकेट अंगात, नावेत ठेवलेलं नाही. जलसंपदा विभागाची परवानगी आधी घ्यायची, एकटं जायचं नाही, आणि आभाळ भरून आलं की उतरायचंच नाही. नावेच्या दोन्ही टोकांना आडव्या भिंती घालून झाकणाचे हवाबंद कप्पे करा. ते कोरडे असतील तर नाव उलटली, पाण्याने भरली तरी बुडत नाही, आणि तिला धरून राहता येतं.

हे कप्पे खरोखर हवाबंद आहेत का, हे पहिल्याच दिवशी पाहायचं. कमरेइतक्या पाण्यात, काठाजवळ, सोबती उभा असताना नाव मुद्दाम उलटवा. डोकं खाली असताना पाय मोकळे करून बाहेर यायचा सराव तिथेच करा, घाबरणं थांबेपर्यंत. मग पाणी उपसून नाव काठावर घ्या, झाकणं उघडा आणि आत हात घालून कोपरे चाचपा. ओल लागली तर ती जागा पेन्सिलीने खुणा, वाळवा, पॉलिशपेपर मारून पुन्हा राळ द्या. दोन्ही कप्पे कोरडे निघाले तर झाकणांच्या रबरी कडा नीट बसवा, जॅकेटचे पट्टे आवळा आणि काठाकाठाने वल्हवायला निघा.